तेरा मात्रांचे लोकप्रिय गाणे

‘जेनेसिस’ या इंग्लिश बँडबद्दल रसिकांमध्ये एक गोष्ट पक्की रुजली आहे. गायक पीटर गेब्रिएल १९७५ मध्ये बाहेर पडला, ड्रमवादक फिल कॉलिन्स गायक झाला आणि त्याने एका प्रयोगशील बँडला बाजारू पॉपकडे नेले. मीही ती बरीच वर्षे खरी मानत होतो. ध्वनिमुद्रिका सालवार लावून ऐकायला बसलो, तेव्हा ती जागोजागी उसवू लागली.

चार्टरहाउस या शाळेतल्या मुलांनी १९६७ मध्ये हा बँड सुरू केला. प्रोग्रेसिव्ह रॉकची सगळी लक्षणे त्यात होती : लांब रचना, एकाच रचनेत बदलत जाणारे ताल, पुराणकथांचे संदर्भ. ‘फॉक्सट्रॉट’ (१९७२) या अल्बममधील ‘सपर्स रेडी’ सुमारे २३ मिनिटे चालते. तिचे सात भाग आहेत आणि त्यांतला एक नऊ मात्रांच्या चालीत आहे.

गेब्रिएल गेल्यावर हे थांबायला हवे होते. थांबले नाही. १९७६ मध्ये कॉलिन्सच्या आवाजात दोन अल्बम आले आणि दोन्ही जुन्याच वळणाचे होते. ‘डान्स ऑन अ व्होल्कॅनो’ सात मात्रांत धावते. आपल्या रूपकातही मात्रा सातच, पण रूपकाची ऐसपैस चाल इथे नाही. म्हणजे गायक बदलल्याने संगीत बदलले नव्हते.

वळण आले ते १९७७ मध्ये, गिटारवादक स्टीव्ह हॅकेट गेल्यावर. उरलेल्या तिघांनी पुढच्या वर्षी अकरा आटोपशीर गाण्यांचा अल्बम काढला. त्यातले ‘फॉलो यू फॉलो मी’ ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकावर पोचले. पहिल्या दहांत जाणारे हे त्यांचे पहिलेच गाणे. साधे, सरळ प्रेमगीत. त्याचे शब्द मात्र कॉलिन्सचे नव्हेत, माइक रदरफर्डचे आहेत.

याहून बोलके उदाहरण ‘ड्यूक’ (१९८०) मधले. ‘टर्न इट ऑन अगेन’ हे त्यातले गाजलेले गाणे बव्हंशी तेरा मात्रांच्या आवर्तनात आहे. ठोका इतका सरळ पडतो की कानाला काही खुपत नाही. पण तेरा ही विषम संख्या. दोन-दोनच्या ठेक्यावर टाळी धरणाऱ्याची टाळी पुढच्या आवर्तनात उलटी पडते. अवघडपणा नाहीसा झाला नव्हता. तो दाखवायचे त्यांनी सोडले होते.

ऐंशीच्या दशकातल्या पॉपचा तो धाडकन उठून चटकन तुटणारा ड्रमचा आवाज तरी कुठला? तो गेब्रिएलच्याच १९८० च्या एकल अल्बममध्ये घडला. ड्रम वाजवायला कॉलिन्स, ध्वनितंत्रज्ञ ह्यू पॅजम. खोलीत घुमणारा आवाज दाबून फुगवायचा आणि तो विरण्याआधीच ‘नॉइज गेट’ने कापायचा, ही ती युक्ती. गेब्रिएलने झांजा वाजवायलाच मनाई केली होती. पुढे कॉलिन्सच्या एकल गाण्यांतून आणि ‘जेनेसिस’च्या ‘अबाकॅब’मधून (१९८१) हाच आवाज घरोघर पोचला. प्रयोग एका दालनात आणि बाजार दुसऱ्या, अशी वाटणी इथे करताच येत नाही.

‘इनव्हिजिबल टच’ (१९८६) हे शीर्षकगीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले; अल्बममधली पाच गाणी तिथे पहिल्या पाचांत होती. त्याच अल्बमवर ‘डॉमिनो’ ही दोन भागांची, दहा मिनिटांहून मोठी रचनाही आहे. शीर्षकगीतासाठी अल्बम घेणाऱ्याच्या घरी तीही गेली.

काही हरवले नाही, असे मी म्हणणार नाही. बारा तारांच्या गिटारींची हळवी विण गेली. एकाच गाण्यात पाच पात्रांचे आवाज काढणारी नाट्यमयता गेली. एखादी रचना उलगडायला वीस मिनिटे घेईल आणि श्रोता थांबेल, हा विश्वास आटला. हे नुकसान खरे आहे आणि उत्तरार्धातली काही गुळगुळीत गाणी ऐकताना ते मला बोचते.

पण त्याचे खापर एका माणसावर फोडणे सोपे म्हणूनच संशयास्पद आहे. सोपेपणाकडे तिघेही आपापल्या पायांनी गेले. सोपे केलेले सगळेच उथळ नसते आणि लांबवलेले सगळेच खोल नसते. खात्री करायची असेल तर ते तेरा मात्रांचे गाणे लावा आणि टाळी धरून पाहा.