क्लोरीनचा अर्धा न्यूट्रॉन गेला कुठे?

एफ.ई.च्या व्हायवात हमखास येणारा प्रश्न : "क्लोरीनचे अणुवस्तुमान किती?" उत्तर पाठ असते, ३५.५. मग पुढचा बाउन्सर येतो, "म्हणजे अर्धा न्यूट्रॉन असतो का?" आणि सगळी बॅच गप्प!

मित्रांनो, आधी हा आकडा शोधायचा कसा ते पाहू. आवर्तसारणीच्या प्रत्येक चौकटीत संज्ञेबरोबर दोन आकडे असतात. कोणता वर आणि कोणता खाली, हे तक्त्यागणिक बदलते. त्यामुळे जागा पाठ करू नका. पूर्णांक तो अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या. दशांश चिन्ह असलेला आकडा ते अणुवस्तुमान. रेडियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्याला मात्र कंसात [२२६] असा पूर्णांक दिसतो. तो त्याच्या सर्वांत जास्त टिकणाऱ्या समस्थानिकाचा वस्तुमानांक.

आता क्लोरीन. त्याचा एकही अणू ३५.४५ चा नसतो! निसर्गातल्या शंभर अणूंपैकी साधारण ७६ अणूंचे वस्तुमान ३४.९७ आणि २४ अणूंचे ३६.९७ असते. कॅल्क्युलेटर काढा, सरासरी ३५.४५ येते. वर्गाची सरासरी ५४.३ मार्क आली म्हणून कोणाला ५४.३ मिळालेले नसतात, तसेच हे.

हायड्रोजनचे १.००८ जरा फसवे आहे. वरचे .००८ जड हायड्रोजनमुळे, म्हणजे ड्युटेरियममुळे, असे वाटते. पण तसे नाही. मोजपट्टी कार्बन-१२ ची आहे. त्या अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे १. या पट्टीवर साधा हायड्रोजनच १.००७८ भरतो. ड्युटेरियमचे वस्तुमान २.०१४ असले तरी तो हजारो अणूंत एखादाच सापडतो. त्यामुळे सरासरीत फरक पडतो तो थेट चौथ्या दशांश स्थळी.

पण त्या चौथ्या दशांश स्थळासाठी आपल्या रायगड जिल्ह्यात अख्खा कारखाना उभारला गेला! अलिबागजवळ थळला, आर.सी.एफ.च्या खत कारखान्याला जोडून, १९८७ मध्ये जड पाण्याचा प्रकल्प सुरू झाला. अमोनिया बनवण्यासाठी लागणाऱ्या वायूत हायड्रोजन असतोच. त्यातला ड्युटेरियम अमोनिया-हायड्रोजन विनिमयाने वेगळा काढायचा, अशी त्याची योजना. दोघांचे रासायनिक गुण जवळजवळ सारखे, म्हणून हे काम भलतेच जिकिरीचे.

एवढा खटाटोप कशाला? साध्या पाण्याच्या रेणूचे वस्तुमान १८, जड पाण्याच्या रेणूचे २०. साधे पाणी अणुभट्टीतले बरेच न्यूट्रॉन गिळते, जड पाणी फारच थोडे. म्हणूनच तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्या समृद्ध न केलेल्या, नैसर्गिक युरेनियमवर चालतील अशा बांधता आल्या.

तेव्हा टायट्रेशनच्या गणितात ३५.५ खुशाल घ्या. व्हायवात विचारले तर मात्र ठणकावून सांगा : न्यूट्रॉन सगळे अख्खेच असतात सर, अर्धी आहे ती फक्त सरासरी!