घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

‘दमून आलाय बिचारा, बघा कसा ढाराढूर झोपलाय!’ घोरणाऱ्याबद्दल घरोघरी असं कौतुकानं बोललं जातं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि हवा जाताना टाळू थरथरते, म्हणून घोरण्याचा आवाज येतो. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. पण काहींचं घोरणं मध्येच तुटतं. छाती-पोट हलत असतं, हवा मात्र आत जात नाही. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. मग एकदम आचका देऊन श्वास सुटतो आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. हाच स्लीप अ‍ॅप्निया. दर वेळी ऑक्सिजन घटतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो आणि सकाळी त्याला यातलं काहीच आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्याची साक्ष फार मोलाची. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा.

हा फक्त जाड पुरुषांचा आजार, हे अर्धसत्य आहे. वजन हे मोठं कारण खरं, पण हनुवटी मागे असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. त्यांची तक्रार बरेचदा थकवा, मोडणारी झोप, सकाळची डोकेदुखी अशी असते आणि ती ‘टेन्शन’च्या खात्यात जमा होते, याचं मला फार वाईट वाटतं. मुलांमध्ये वाढलेले टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड हे नेहमीचं कारण.

‘घोरण्यानं काय होतंय?’ गोळ्यांना दाद न देणारा रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघाताचा वाढलेला धोका, गाडी चालवताना लागणारी डुलकी. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव सांगितलं होतं. झोप लागावी म्हणून रात्री ‘थोडी घेणं’ तर उलटंच, कारण दारूनं घसा आणखी सैल पडतो.

निदान स्लीप स्टडीनं, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीनं होतं, हल्ली ती घरीही करता येते. श्वासात तासाला पाचपेक्षा कमी अडथळे हे मोठ्या माणसांत सर्वसाधारण, तीस किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र आजार.

उपचारासाठी दिल्या जाणाऱ्या सीपॅप मशीनची धास्ती मात्र विनाकारण आहे. ते व्हेंटिलेटर नव्हे, ऑक्सिजनही देत नाही. खोलीतलीच हवा मास्कमधून थोड्या दाबानं सोडून घशाची वाट उघडी ठेवतं. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते जगापुढे मांडलं. मास्क गळतो, नाक कोरडं पडतं म्हणून अनेक जण ते कपाटात टाकतात. मास्कचं माप बदलून, ह्युमिडिफायर लावून हे बहुतेकदा सुटतं. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर खालचा जबडा पुढे धरणारं, दंतवैद्यानं बसवलेलं साधन चालतं. काहींना कुशीवर झोपूनही फरक पडतो. लठ्ठ रुग्णांना वजन घटवल्यानं फायदा होतो. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र आजारासाठी मान्यता मिळाली.

ऑपरेशननं कायमचा निकाल लागतो, असंही नाही. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर घोरण्याचा आवाज गेला तरी श्वास अडकणं शिल्लक राहू शकतं, म्हणून त्यानंतर स्लीप स्टडी पुन्हा करून घ्यावी.