उशीर कां लागतो? – ‘मेझोन इक्कोकु’ आणि तिचे प्रेक्षक



विनोदी प्रेमकथेचा शेवट काय होणार, हें बहुधा पहिल्याच प्रवेशांत कळून चुकलेलें असतें. नायक कोण आणि नायिका कोण हें एकदां समजलें, कीं प्रश्न उरतो तो एवढाच: या दोघांची गांठ पडावयास इतका उशीर कां लागावा? चांगला लेखक या प्रश्नाचें उत्तर देतो. सामान्य लेखक तो टाळून नुसत्या अडचणी रचीत बसतो. जपानांतील ‘मेझोन इक्कोकु’ या मालिकेविषयीं प्रेक्षकांमध्यें जीं परस्परविरुद्ध मतें आढळतात, तीं बहुतेक सर्व याच प्रश्नाभोंवतीं फिरतात. म्हणून त्या मालिकेचा थोडा परिचय करून देऊन, त्या मतांची फोड करण्याचा आज विचार आहे.

चित्रांना गति देऊन तयार केलेल्या जपानी कथापटांना आणि मालिकांना ‘अॅनिमे’ असें म्हणतात. असलीं चित्रें केवळ मुलांच्या करमणुकीसाठीं असतात, हा समज ज्यांच्या मनांत असेल, त्यांनीं ही मालिका अवश्य पाहावी. तिची मूळ कथा रुमिको ताकाहाशी या लेखिकेनें चित्रकथेच्या रूपानें रचिली. ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या प्रौढ वाचकांच्या नियतकालिकांत ती १९८० पासून १९८७ पर्यंत क्रमशः येत होती. तिच्यावरून ‘स्टुडिओ डीन’ या चित्रसंस्थेनें केलेली मालिका फुजी दूरचित्रवाणीवर २६ मार्च १९८६ रोजीं सुरू झाली आणि २ मार्च १९८८ रोजीं संपली. दर बुधवारीं सायंकाळीं साडेसात वाजतां अर्ध्या तासाचा एक भाग, याप्रमाणें एकंदर ९६ भाग झाले. तत्पूर्वीं त्याच वारीं आणि त्याच वेळीं ताकाहाशींच्याच ‘उरुसेई यात्सुरा’ या कथेवरील मालिका दाखवीत असत. तिची नायिका परग्रहावरून आलेली होती. तिच्या गमती पाहावयास सरावलेल्या प्रेक्षकापुढें आतां एका जुनाट भाड्याच्या घराचा दरवाजा उघडला.

त्या घराचें नांव इक्कोकु-कान. ‘इक्कोकु’ म्हणजे एक घटका, एक क्षण. पांचव्या क्रमांकाच्या खोलींत गोदाई युसाकु हा तरुण राहतो. विश्वविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेंत तो नापास झाला आहे. अशा विद्यार्थ्याला जपानांत थट्टेनें ‘रोनिन’ म्हणतात. धनी नसलेल्या भटक्या सामुराईचें तें जुनें नांव. शेजारी असे आहेत कीं अभ्यास होणें अशक्य. इचिनोसेबाई, योत्सुया नांवाचे गूढ गृहस्थ आणि मद्यगृहांत काम करणारी आकेमी हीं मंडळी रोज रात्रीं गोदाईच्याच खोलींत पिण्याची बैठक मांडतात. योत्सुया तर मधली भिंत फोडूनच आंत येतात. त्रासून गोदाई घर सोडून निघतो, आणि नेमकी त्याच वेळीं घराची नवी व्यवस्थापिका दारांत उभी राहते. तिचें नांव क्योको ओतोनाशी. गोदाईचा निघण्याचा बेत तेथल्या तेथें रद्द होतो.

क्योको गोदाईहून दोन वर्षांनीं मोठी आहे, आणि विधवा आहे. शाळेंत असतांना तिला शिकवावयास आलेल्या सोइचिरो या शिक्षकावर तिचें प्रेम जडलें, घरच्यांच्या इच्छेविरुद्ध तिनें त्याच्याशीं विवाह केला, आणि विवाहाला वर्षही झालें नाहीं तोंच तो वारला. त्याच्या मागें राहिलेल्या कुत्र्यालाही ती ‘सोइचिरो’ अशीच हांक मारते. ही हांक प्रथम ऐकून प्रेक्षकाला हंसूं येतें. खरा सोइचिरो कोण हें पुढें कळलें, म्हणजे त्याच हांकेनें त्याचा घसा दाटतो. हंसूं आणि दुःख एकाच शब्दांत ठेवण्याची ही हातोटी मालिकेंत शेवटपर्यंत दिसते.

पात्रांच्या नांवांतही एक खेळ आहे. इचिनोसेच्या नांवांत एक हा आंकडा आहे, मिताकाच्या नांवांत तीन, योत्सुयाच्या नांवांत चार, गोदाईच्या नांवांत पांच आणि आकेमीच्या रोप्पोंगी या आडनांवांत सहा. ओतोनाशी या नांवांतील अक्षराचा अर्थ मात्र ‘नाहीं’ असा, म्हणजे शून्य. हें शून्य क्योकोला सासरकडून मिळालेलें आहे. ती तें टाकीत नाहीं, आणि सारी कथा त्या न टाकण्याची आहे.

आतां प्रेक्षकांचे आक्षेप पाहूं. पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप लांबणीचा. दोघांचें मन एकमेकांवर आहे हें उघड दिसत असतां भागामागून भाग गैरसमजांत जातात. निरोप पोंचत नाहीं, अर्धेंच बोलणें कानीं पडतें, नको त्या वेळीं नको तो मनुष्य दार उघडतो. घरांत दूरध्वनि एकच, आणि तोही सर्वांचा समाईक. एका खिशांतल्या दूरध्वनीनें ही कथा दहा भागांत संपली असती, असें आजचा तरुण प्रेक्षक हंसून म्हणतो. दुसरा आक्षेप क्योकोवर आहे. ती गोदाईला होकार देत नाहीं; परंतु कोझुए नांवाच्या मुलीबरोबर तो फिरतांना दिसला, कीं रागानें लाल होते. ज्याला स्वीकारावयाचें नाहीं त्याच्यावर हक्क तरी कां सांगावा, असें हे टीकाकार विचारतात. तिसरा आक्षेप गोदाईवर. तो भित्रा, अनिश्चित. कोझुएला स्पष्ट नकार न देतां वर्षानुवर्षें झुलवीत ठेवणारा. त्याचा प्रतिस्पर्धी मिताका हा श्रीमंत, देखणा आणि मनाचा मोकळा टेनिस-शिक्षक. त्याचा दोष म्हटला तर एवढाच, कीं तो कुत्र्यांना भितो. क्योकोनें मिताकालाच वरावयास हवें होतें, असें म्हणणारा प्रेक्षकवर्ग लहान नाहीं.

या आक्षेपांना खोटें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांच्या मुळाशीं एक गृहीत आहे: कथेंतील खरी अडचण बाहेरची आहे, आणि ती दूर झाली कीं विवाहाला हरकत उरत नाहीं. येथें आपल्याकडील श्रोत्यानें विशेष सावध राहिलें पाहिजे. विधवेचा पुनर्विवाह म्हटला, कीं आपल्याला १८५६ चा कायदा आठवतो, १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं केलेला विवाह आठवतो, आणि त्यापायीं त्यांना सोसावा लागलेला बहिष्कार आठवतो. तेथें विधवेच्या वाटेंत समाज उभा होता. क्योकोच्या वाटेंत कोणीच उभें नाहीं. तिचे आईबाप तिला माहेरचें नांव पुन्हां घेऊन दुसरा विवाह करण्याचा आग्रह करतात. एवढेंच नव्हे, तर तिचा सासराही तिला आपलें पुढील आयुष्य पाहावयास सांगतो. सर्वांची अनुमति आहे. अनुमति नाहीं ती एका तिच्याच मनाची.

ती कां नाहीं, हें समजून घेतलें म्हणजे दुसऱ्या आक्षेपाचाही उलगडा होतो. दुसऱ्यावर मन जडलें, तर पहिलें प्रेम खोटें होतें असें ठरेल, ही क्योकोची भीति आहे. सोइचिरोबरोबर तिला मिळाले ते थोडे महिने. त्या महिन्यांची साक्ष आतां तिच्या स्मरणावांचून दुसरीकडे कोठेंच नाहीं. तिनें विसरावें, म्हणजे तो पुन्हां एकदां मरावा. म्हणून गोदाईविषयींची ओढ तिला स्वतःजवळही कबूल करतां येत नाहीं. आणि जी ओढ कबूल करतां येत नाहीं, ती रागाच्या वाटेनें बाहेर पडते. लेखिकेनें येथें एक मार्मिक योजना केली आहे. सोइचिरोचा चेहरा सबंध कथेंत एकदांही दिसत नाहीं. छायाचित्र आलें तरी त्यावर सावली तरी पडते किंवा कांहीं तरी आड येतें. ज्याचा चेहराच ठाऊक नाहीं त्याच्याशीं गोदाईनें स्पर्धा कशी करावी? मिताकाशीं स्पर्धा करतां येते, मृताशीं नाहीं.

यासाठीं वेळ लागतो, आणि तो वेळ या मालिकेंत खरोखरीच जातो. ‘उरुसेई यात्सुरा’मधील मुलें कितीही भाग झाले तरी त्याच वयाचीं राहतात. येथें ऋतु पालटतात, गोदाई विद्यार्थ्याचा पदवीधर होतो, नोकरी मिळतां मिळतां हातची जाते, बालवाडींत आणि पुढें एका कॅबरेंत काम करणाऱ्या स्त्रियांचीं मुलें सांभाळण्यांत त्याचे दिवस जातात; आणि त्यांतूनच, मुलांना सांभाळणें हेंच आपलें काम, हें त्याला उमगतें. तो भित्रा आहे हें खरें, पण पहिल्या भागांतला गोदाई आणि शेवटचा गोदाई हे एक नव्हेत. शेवटीं तो सोइचिरोच्या समाधीपुढें उभा राहतो आणि मृताशीं बोलतो. तुम्ही तिच्या मनांत पूर्वीपासूनच आहांत, म्हणून तुमच्यासह मी तिचा स्वीकार करीन, अशा आशयाचें तें बोलणें क्योको आडून ऐकते. तिला विसरावयास कोणी सांगत नाहीं, म्हणून ती पुढें पाऊल टाकूं शकते. तिची अटही तशीच आहे: नवऱ्यानें आपल्यापेक्षां निदान एक दिवस तरी अधिक जगावें. हंसवीत आलेल्या मालिकेंत ही एवढीशी मागणी ऐकून डोळे पुसणारे प्रेक्षक पुष्कळ आहेत. मिताकाच्या बाजूचे प्रेक्षकही या प्रसंगापुढें बहुधा आपला वाद थोडा आवरता घेतात.

मग लांबणीच्या आक्षेपांत कांहींच तथ्य नाहीं काय? आहे. दर आठवड्याला एक भाग भरावयाचा, या व्यवस्थेचा ताण ९६ भागांत जागोजाग दिसतो. काझुओ यामाझाकी, ताकाशी आन्नो आणि नाओयुकी योशिनागा असे एकामागून एक तीन दिग्दर्शक झाले, त्यामुळें मालिकेचा सूरही बदलत गेला. मूळ कथेंतील निकाइदो हा दुसऱ्या क्रमांकाच्या खोलींतील भाडेकरू मालिकेंतून अजिबात वगळला, याची खंत मूळ कथेचे वाचक अजून करतात. कांहीं गैरसमज तर केवळ यांत्रिक आहेत. मिताकाला कथेंतून दूर करण्यासाठीं कुत्रीच्या गर्भारपणाचा निरोप एका मुलीच्या गर्भारपणाचा म्हणून त्याच्या कानीं घालणें, ही युक्ति हंसवते खरी. पण अशा सज्जन माणसाची बोळवण याहून चांगली व्हावयास हवी होती, हें म्हणणें न्याय्य आहे. जो विलंब क्योकोच्या मनांतून येतो तो कथेचा प्राण. जो निरोप्याच्या चुकीनें येतो तो तिचा भार. दोन्ही विलंबांना एकाच मापानें मोजलें, कीं स्तुति आणि निंदा दोन्ही चुकतात.

आणखी एक गोष्ट मतें ऐकतांना ध्यानांत घ्यावयाची. १९८६ चा जपानी प्रेक्षक एक भाग पाहून एक आठवडा थांबे. क्योकोच्या मनानें एक पाऊल पुढें टाकावयास जे महिने घेतले, तेच महिने त्याच्याही घरांत गेले होते. तोही त्या अवधींत परीक्षा देत होता, नोकरी शोधत होता, कोणाला तरी पोंचवून परत येत होता. आजचा प्रेक्षक एका बैठकींत आठ आठ भाग पाहतो. त्याला तोच विलंब हट्टासारखा वाटतो, आणि त्यांत त्याचा दोष नाहीं. दोन वर्षांत वाटून घ्यावयाचें दुःख त्यानें दोन आठवड्यांत घेतलेलें असतें. तेव्हां मालिकेविषयींचें मत ऐकतांना तें कोणीं दिलें याबरोबरच, तें किती दिवसांत बनलें, हेंही विचारावें.

कथेच्या अखेरीस क्योको आणि गोदाई आपल्या नवजात मुलीला घेऊन त्याच जुन्या घरांत परत येतात. घर सोडणाऱ्या तरुणापासून कथा सुरू झाली. ती घरीं येणाऱ्या बाळापाशीं थांबते. घराचें नांव ‘एक क्षण’, आणि त्यांत राहावयास लागलीं इतकीं वर्षें. श्रोत्यांपैकीं ज्यांना ही मालिका पाहावयाची असेल त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं ती सावकाश पाहावी, एका दिवसाला एका भागाहून अधिक पाहूं नये, आणि क्योकोविषयींचा निकाल शेवटच्या भागापर्यंत राखून ठेवावा.