भूल देणारं माणूस

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडून बाळंतपणाची अपेक्षा असते, सिझरची नसते. सिझरला शस्त्रक्रियागृह, रक्त, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ लागतात, म्हणून अडलेल्या बाईला रत्नागिरीला न्यावं लागतं. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली आणि हा प्रवास पूर्वीइतका अवघड राहिला नाही. मात्र पोचल्यावर भूल देणारं कुणी हजर असेल का, ही चिंता राज्यातल्या कितीतरी लहान रुग्णालयांत आजही आहे. सर्जन असतो, टेबल असतं, आणि खासगी भूलतज्ज्ञाला फोन लावून वाट पाहावी लागते. भूलशास्त्राच्या पावणेदोनशे वर्षांकडे मागे वळून पाहिलं, तर या कामासाठी खास शिकवलेली परिचारिका अनेक देशांनी उभी केलेली दिसते. आपण तिचा गंभीरपणे विचारच केला नाही, आणि त्याची किंमत खेड्यातल्या बाया मोजत आहेत, असं माझं मत आहे.

ऑक्टोबर १८४६ मध्ये बॉस्टनला ईथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि पुढच्याच मार्चमध्ये कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. त्या काळात भूल देणं हे मोकळ्या असलेल्या कुणाही मदतनिसाचं काम मानलं जाई. बहुधा तो शिकाऊ डॉक्टर असे, आणि त्याचं लक्ष रोग्याच्या श्वासापेक्षा सर्जनच्या हाताकडे असे. यावर अमेरिकेत उपाय निघाला तो परिचारिकेचा. १८७७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातल्या ईरी इथे सिस्टर मेरी बर्नार्ड हे काम करू लागल्या. पुढे मेयो क्लिनिकच्या ॲलिस मॅगॉ यांनी १९०६ मध्ये चौदा हजारांहून अधिक भुलींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यात भुलीमुळे झालेला एकही मृत्यू नव्हता. ईथर थेंबाथेंबाने देणं, रोग्याशी बोलत राहणं आणि दुसऱ्या कशाकडेही न पाहणं, एवढीच त्यांची रीत. डॉक्टरांच्या एका गटाने न्यायालय गाठलं, तेव्हा १९३६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सर्जनच्या देखरेखीखाली भूल देणाऱ्या परिचारिकेच्या बाजूने निकाल दिला. ब्रिटनमध्ये मात्र हे काम डॉक्टरांचंच राहिलं, आणि आपण तीच वाट धरली. हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी १८८९ पासून क्लोरोफॉर्म देत होत्या, त्याही वैद्यकीय शाळेत शिकून. या परंपरेने आपल्याला उत्तम भूलतज्ज्ञ दिले, हे निर्विवाद आहे. ते शहराबाहेर पुरेसे पोचले नाहीत, हेही तितकंच खरं.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात एमबीबीएस डॉक्टरांना अठरा आठवडे शिकवून, तातडीच्या बाळंतपणापुरती भूल देण्यासाठी तयार करण्याचा कार्यक्रम देशभर राबवला गेला. मला हे पाऊल फार महत्त्वाचं वाटतं. मर्यादित कामासाठी मर्यादित पण नेमकं शिक्षण पुरतं, हे तत्त्व त्यातून सरकारनेच मान्य केलं. अडचण पुढे येते. तरुण डॉक्टर पदव्युत्तर शिक्षणाला जातो, त्याची बदली होते किंवा त्याच्यावर दुसरा कार्यभार पडतो, आणि रोज न वापरलेलं हे कौशल्य हातातून जातं. जिची कारकीर्दच भूल देण्याच्या कामात घडेल अशी परिचारिका इथे अधिक टिकेल.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचा आहे. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या मातांबद्दल लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अभ्यासात, डॉक्टरने भूल दिली तिथे हजारी ५.२ आणि डॉक्टर नसलेल्यांनी दिली तिथे हजारी ९.८ माता दगावल्याचं दिसलं. जिथे डॉक्टर नसतो तिथे बहुधा रक्तही नसतं आणि बाई उशिरा पोचलेली असते, हे त्याचं एक स्पष्टीकरण. तेवढ्यावर हा आकडा झटकून टाकता येणार नाही. उलट बाजूला, २०१० मधल्या एका अमेरिकी अभ्यासाला डॉक्टरच्या देखरेखीविना काम करणाऱ्या भूल-परिचारिकांमुळे अपाय वाढल्याचं आढळलं नाही. आणि उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१४ च्या कॉक्रेन आढाव्याला डॉक्टर आणि परिचारिका यांपैकी कुणालाही सरस ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. म्हणून परिचारिकेला एकटीला सोडावं असं मी म्हणणार नाही. फ्रान्समध्ये ती भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच काम करते. आपल्याकडेही तिच्याकडे आधी कमरेत इंजेक्शन देऊन होणाऱ्या सिझरची भूल सोपवावी, आणि गुंतागुंतीच्या रोग्याची जबाबदारी भूलतज्ज्ञाने घ्यावी.

गरिबांसाठी दुय्यम सेवा, हा दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. त्याला उत्तर गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळांना जंतुसंसर्गावरची इंजेक्शनं द्यायला शिकवलं, आणि १९९९ च्या लॅन्सेटमधल्या निष्कर्षानुसार तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. तिथे प्रशिक्षण काटेकोर होतं, देखरेख सतत होती आणि नोंदी चोख होत्या. या तीन गोष्टी नसतील तर आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. असा अभ्यासक्रम जिल्ह्यातच चालवता येईल. परिचारिका आधीच अपुऱ्या आहेत, तेव्हा या पदासाठी वेगळी भरती आणि वेगळा पगार लागेल. त्याहून आधी कायद्याचं संरक्षण लागेल. टेबलावर रोगी दगावला तर जबाबदारी कोणाची, हे शासनाने लिहून दिल्याशिवाय कुठल्याही परिचारिकेने ही सुई हातात घेऊ नये.