शब्दांआधीची संख्या

मोजणे म्हणजे एक, दोन, तीन असे आकडे उच्चारणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मग ज्यांना भाषाच नाही, त्या प्राण्यांना संख्येची जाणीव असते काय?

टांझानियातील सेरेंगेटीच्या अरण्यात संशोधकांनी परक्या सिंहिणींच्या ध्वनिमुद्रित गर्जना तेथील कळपांना ऐकवल्या. गर्जना एकीची असली, की कळपातील सिंहिणी सहज पुढे सरसावत. तिघींची असली, की त्या कचरत. मात्र स्वतःची संख्या मोठी असली, की त्यांचे धैर्य वाढे. म्हणजे संख्येचा अंदाज हा त्यांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

तथापि, असे निष्कर्ष काढताना सावध राहावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील ‘हान्स’ नावाचा घोडा गणिताचे उत्तर खूर आपटून देत असे. तो गणित करीत नसून प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली टिपून थांबतो, हे ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये सिद्ध केले. पुढील प्रयोगांत माणसाकडून अशी सूचना मिळू नये, याची दक्षता घेतली जाऊ लागली.

अमेरिकेत आंद्रेआस नीडर आणि अर्ल मिलर यांनी माकडांना पडद्यावर १ ते ५ ठिपके दाखवले. ठिपक्यांचा आकार व मांडणी ते बदलत राहिले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात मेंदूच्या पुढील भागात संख्येला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी आढळल्या. ‘तीन’ची पेशी तीन ठिपके दिसताच सर्वाधिक उद्दीपित होते, दोन किंवा चार ठिपक्यांना कमी आणि एक किंवा पाच ठिपक्यांना त्याहून कमी प्रतिसाद देते. शेजारच्या संख्यांचे प्रतिसाद असे एकमेकांत मिसळतात. संख्या वाढेल तशी ही सरमिसळही वाढते. म्हणूनच एक आणि दोन यांतील फरक चटकन कळतो, चार आणि पाच यांतील फरक ओळखताना मात्र चूक होते.

२०१५ मध्ये अशाच पेशी कावळ्याच्या मेंदूतही सापडल्या. सस्तन प्राण्यांच्या मेंदूला असते तसे सहा थरांचे बाह्यावरण पक्ष्यांना नसते. दोघांचे पूर्वज तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तरीही एकाच गरजेपोटी दोन भिन्न मेंदूंनी सारखाच मार्ग शोधलेला दिसतो.

नेमके आकडे आणि चिन्हे ही मानवाची निर्मिती होय; परंतु त्यांखालील संख्येची जाण मानवाहून कितीतरी प्राचीन आहे.