एमजीबी मोटारीची पुनर्बांधणी

एमजीबी ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार आहे. साधी यंत्ररचना आणि सहज मिळणारे सुटे भाग यांमुळे अनेक हौशी मालक घरच्या गॅरेजमध्येच तिची पुनर्बांधणी करतात.

रचना आणि गंज

या मोटारीला स्वतंत्र चासी नाही. पत्र्याची एकसंध बॉडीच सर्व भार पेलते. दरवाजांखालील पोकळ पट्ट्या, म्हणजेच सिल, हा तिचा एक मुख्य आधार होय. उघड्या मोटारीत छताचा आधार नसल्याने सिलचे महत्त्व अधिकच वाढते. चिखल व पाणी पोकळीत साचल्याने सिल आतून गंजतात. त्यामुळे वरचा रंग चांगला असला तरी आतील पत्रा कुजलेला असू शकतो.

दुरुस्ती

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवतात आणि कामाजवळील इंधनाचे भाग काढून ठेवतात. सिल कापण्याआधी बॉडीला खालून टेकू देऊन दरवाजाच्या चौकटीत लोखंडी दांडे जोडतात आणि एका वेळी एकाच बाजूचे काम करतात. अन्यथा बॉडी वाकून दरवाजे नीट लागत नाहीत. नवा सिल कायमचा जोडण्यापूर्वी दरवाजा बसवून फटी तपासल्या जातात. बाहेरून नुसते ठिगळ लावल्यास गंज झाकला जातो, पण बॉडीची ताकद परत येत नाही. शेवटी पोकळीत गंजरोधक मेण फवारतात.

नवी बॉडी

१९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था एमजीबीच्या नव्या बॉडी उपलब्ध करून देत आहे. त्यामुळे पूर्ण गंजलेली मोटारही पुन्हा उभी करता येते. मात्र तिच्यात कारखान्यातील मूळ बॉडी उरत नाही.