आंतरजालाच्या वाटा – ९ : ग्राहकाने सांगितलं म्हणून?

बीजीपीने राउटर एकमेकांना वाटा कशा कळवतात, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. कळवणारा खरं बोलतोय का, हे मात्र बीजीपी स्वतःहून तपासत नाही. ती तपासणी आपणच बसवायची. तिचं सर्वांत साधं हत्यार म्हणजे प्रीफिक्स लिस्ट, कोणत्या पत्त्यांच्या वाटा चालतील याची यादी.

ती नसली की काय होतं, ते २५ फेब्रुवारी २००८ रोजी जगाने पाहिलं. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याचा सरकारी हुकूम निघाला होता. त्यासाठी पाकिस्तान टेलिकॉमने २०८.६५.१५३.०/२४ ही खोटी वाट तयार केली. ती देशाबाहेर जायला नको होती, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यूपर्यंत पोचली आणि त्यांनी ती जगाला सांगून टाकली. यूट्यूबची स्वतःची घोषणा होती २०८.६५.१५२.०/२२ अशी, म्हणजे १०२४ पत्त्यांची. खोटी वाट २५६ पत्त्यांची, म्हणून जास्त नेमकी. आणि राउटर नेहमी नेमकी वाटच निवडतो. पिनकोडचंही तसंच. ५८० एवढ्यावर पत्र धारवाडच्या दिशेने निघतं, पण सहाही आकडे असले की तेच ग्राह्य. यूट्यूबने आधी /२४ आणि मग /२५ चे दोन तुकडे घोषित करून पाहिले. खरा उतार पडला तो अडीचच्या सुमारास, पीसीसीडब्ल्यूने ती खोटी वाट काढल्यावर.

दोष सगळे पाकिस्तान टेलिकॉमला देतात. माझ्या मते मोठा दोष पीसीसीडब्ल्यूचा. आपल्या ग्राहकाचे पत्ते कोणते, हे पुरवठादाराला ठाऊक असायलाच हवं.

आता धारवाडात या. समजा, मळमड्डीतल्या एका केबलवाल्याने स्वतःचे ५१२ पत्ते, म्हणजे एक /२३, घेतले आणि दोन मोठ्या कंपन्यांकडून जोडणी घेतली. गाळणी लावली नाही, तर बऱ्याच राउटरांवर एका कंपनीकडून आलेल्या वाटा दुसरीला आपोआप कळवल्या जातात. मग परक्या जगाची रहदारी मळमड्डीतल्या त्या छोट्या राउटरवरून जाऊ पाहते. म्हणून बाहेर जाणाऱ्या दिशेला यादी लावायची आणि तिच्यात एकच ओळ लिहायची: परमिट, आपला /२३. बाकीचं सगळं आपोआप नाकारलं जातं, कारण प्रत्येक यादीच्या शेवटी न लिहिलेला ‘डिनाय’ असतोच. समोरच्या कंपनीनेही येणाऱ्या दिशेला हीच यादी लावली पाहिजे.

गोंधळ होतो तो लांबीत, म्हणजे तिरक्या रेघेपुढच्या आकड्यात. नुसता /२३ लिहिला तर तंतोतंत /२३ च चालतो. उद्या भार विभागायला त्याचे दोन /२४ केले, तर यादी ते मुकाट्याने गाळते. त्यासाठी ‘एलई २४’ जोडायचं, म्हणजे २४ पर्यंतची लांबी चालेल. काही जण कटकट नको म्हणून ‘एलई ३२’ लिहितात. हा शुद्ध आळस; त्याने एकेका पत्त्याचीही वाट बाहेर निसटते. तसंच ०.०.०.०/० म्हणजे फक्त डीफॉल्ट वाट. ‘सगळं’ म्हणायचं असेल तर तिथेच ‘एलई ३२’ लागतं. ओळी क्रमांकाने तपासल्या जातात आणि पहिली जुळणारी ओळ निकाल देते. म्हणून ५, १०, १५ असे क्रमांक द्यावेत. मध्ये घुसवायला जागा राहते.

हे फक्त छोट्यांचंच दुखणं नाही. १६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून तीस हजारांहून जास्त वाटा चुकून स्वतःच्या म्हणून घोषित झाल्या होत्या.

जाळं सांभाळणाऱ्या वाचकांनी यादी लावून थांबू नये. शेजाऱ्याला प्रत्यक्ष कोणत्या वाटा जातायत, ते राउटरला विचारून पाहावं.

पुढच्या आठवड्यात आरपीकेआय. पत्त्यांचा खरा मालक कोण हे ते सहीनिशी सांगतं; पण एकाच्या खऱ्या वाटा दुसऱ्याला वाटत सुटणारा राउटर ते अडवत नाही. तिथे ही यादीच लागते.